गोळा हातातच द्यायचा

काका,

तेराव्याला आमच्या ऑफिसातले दोघे आले होते. जेवण झाल्यावर एकजण म्हणाला, "साहेब, काकांवर चार शब्द लिहा, आपल्या पत्रकात छापू." मी कागद घेऊन बसलो. तीस वर्षं पाटबंधारे खात्यात कारकुनी केल्यावर हात 'उपरोक्त विषयास अनुसरून' लिहिल्याशिवाय सुरूच होत नाही. जन्म, शिक्षण, सेवेचा कालावधी असे रकाने आखले आणि एकही भरता आला नाही. तुमचं शिक्षण तर मी कधी विचारलंच नव्हतं. शेवटी रकाने सोडून दिले आणि तुम्हालाच लिहायला घेतलं. तुम्ही वाचाल की नाही, हा प्रश्न पंधरा दिवसांपूर्वी मी हसण्यावारी नेला असता. आता नेत नाही.

तुम्हाला सगळं माहीतच आहे, पण मला पहिल्यापासून मांडल्याशिवाय काही सुधरत नाही. चुडाव्याच्या स्टेशनात तुम्ही पॉइंटमन. एकेरी लाईन. न थांबणारी गाडी यायची असली की फलाटाच्या टोकाला उभं राहून तुम्ही ते वेताचं मोठं कडं वर धरायचात. कड्याला चामड्याची थैली, थैलीत लोखंडी गोळा. इंजिनावरचा माणूस वाकून कड्यात हात घालायचा आणि ते उचलून न्यायचा. गोळा हातात आला म्हणजे पुढची लाईन मोकळी. गोळा नाही तर गाडी नाही. लहानपणी मला वाटायचं, हिंदुस्थानातल्या सगळ्या गाड्या माझ्या काकाला विचारून चालतात. हा गैरसमज मी मॅट्रिकपर्यंत जपला.

तुम्ही लग्न केलं नाही. रिटायर झाल्यावर स्टेशनच्या बाजूलाच दोन खोल्या बांधून राहिलात. मग विद्यापीठाच्या नावावरून मराठवाडा पेटला तो पावसाळा आला. गावात काही जळलं नाही, पण आजूबाजूच्या बातम्या रोज येत होत्या आणि माणसं एकमेकांच्या नजरेला नजर देत नव्हती. बौद्धवाड्यातल्या धुरपताबाईंचा मुलगा शिकायला औरंगाबादला. त्या घरात एकट्या. दार आतून लावून चार दिवस बसल्या. चूल पेटवली तर धूर दिसेल म्हणून पीठ पाण्यात कालवून प्यायल्या. पाचव्या दिवशी तुम्ही कडी वाजवलीत. आतून आवाज आला, "कोन?"

"किसन पाइंटमन."

"चार दिसांनी याद आली व्हय?"

हे मला सांगताना तुम्ही तंबाखू मळायची थांबवली होती. म्हणालात, "दत्तू, गावात एक माणूस चार दिवस जित्तं हाय का मेलं, कुनाला ठावं न्हाई. इस्टेशनात असं झालं असतं तर माझी नोकरी गेली असती."

मग तुम्ही निर्गुडीची फांदी वाकवून कडं केलंत. रहीमचाचा टेलर, तेही एकटेच, त्यांची पोरं हैदराबादेत. त्यांनी उरलेल्या खाकी कापडाची थैली शिवून दिली. आत पूर्णेच्या पात्रातला एक गुळगुळीत गोल गोटा. सकाळच्या पॅसेंजरच्या वेळी तुम्ही तो धुरपताबाईंना नेऊन द्यायचा. दुपारी त्यांनी रहीमचाचांना. दुकान बंद करून दिवेलागणीला रहीमचाचांनी परत तुम्हाला. नियम एवढेच: गोळा हातातच द्यायचा, दुसऱ्याच्या हातून पाठवायचा नाही, आणि देता-घेताना एकमेकांचं तोंड बघायचं. वेळेला आला नाही, तर ज्याच्याकडं यायचा त्यानं उठून बघायला जायचं. गाव आधी हसलं, मग कुजबुजलं, मग गावाला सवय झाली. दोन उन्हाळ्यांपूर्वी रहीमचाचा मशीनवरच चक्कर येऊन पडले. गोळा आला नाही म्हणून तुम्ही गेलात, आणि ते वाचले.

मला मात्र हा सगळा पोरखेळ वाटायचा. वयस्कर माणसांचं कसं करावं, यावर माझी मतं फार पक्की होती. ज्याच्या घरात वयस्कर माणूस नसतं त्याची असतातच.

आधी तुम्हाला परभणीला माझ्या क्वार्टरमध्ये आणलं. सतरा दिवस राहिलात. लाईन लांब होती, तरी शिट्टी ऐकू आली की तुम्ही ताडकन उठून अंगणात उभे. अठराव्या दिवशी मी ऑफिसातून आलो तर पिशवीसकट गायब. शेजारणीला सांगून गेला होतात, "त्याला म्हनावं, जेवन बरं हाय, पर हितं कुनाला माझं काम न्हाई." मी रागावलो. तुमच्या जाण्यानं घर रिकामं झालं, हे मात्र कुणाला सांगितलं नाही. माझी बायको जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती गेली तेव्हा तुम्ही येऊन आठ दिवस राहिलात आणि माझ्यासाठी भाकरी थापल्यात. इतक्या वाईट भाकरी मी जन्मात खाल्ल्या नाहीत. एका भाकरीचा आकार तर थेट जिल्ह्याच्या नकाशासारखा होता. त्यावर आपण दोघं हसलो, आणि मग मी रडलो. त्या भाकऱ्यांबद्दल तुम्हाला कधी काही बोललो नाही. आता म्हणतो. जगलो त्यांच्यावर.

मग पंधरा दिवसांपूर्वी मी चुडाव्याला आलो तो फॉर्म घेऊन. औरंगाबादकडचा एक वृद्धाश्रम, बाग आहे, डॉक्टर येतो, वेळेवर जेवण. तीन पानं मी आधीच सुवाच्य अक्षरात भरून आणली होती. फक्त तुमची सही राहिली होती. दुपारी तुम्ही चष्मा लावून सगळा फॉर्म वाचलात आणि एका रकान्यावर बोट ठेवलंत.

"हे काय लिव्हलंय? 'भेटावयास येणारे इसम'?"

"माझं नाव टाकलंय. महिन्यातून एकदा येत जाईन."

"मला हितं रोज दोघं भेटत्यात. तुझ्याकडं कोन येतं, दत्तू?"

"माझं सोडा."

"कामून सोडू? सकाळी तू उठला न्हाईस तर कुनाला कळंल?"

"ऑफिसात हजेरीपट आहे."

"मंजी लाल शेरा पडंल. आन् मग?"

मला ते झोंबलं. त्रेपन्न वर्षांच्या माणसाला एकटेपण दाखवून दिलं की तो दुसऱ्याच्या वयावर घसरतो. मी म्हणालो, "तुमचा तो गोळा घेऊन बसा. उद्या इथं मरून पडलात तर गोळा येऊन सांगणार आहे का?"

"सांगंल," तुम्ही म्हणालात. चष्मा काढून उशाशी ठेवलात, बाजेवर आडवे झालात आणि भिंतीकडं तोंड केलंत.

मी ओसरीवर बसून राहिलो. माफी मागायची होती, पण आधी तुम्ही बोलावं असं वाटत होतं. तुम्ही बोलला नाहीत. ऊन उतरलं. माझ्या गाडीची वेळ होत आली, तेवढ्यात रहीमचाचा कडं घेऊन आले.

"किसनराव!"

"झोपलेत," मी म्हणालो. "द्या इकडं."

"नक्को साब. हाथ में देनेका है."

"माझा हात काय परका आहे? घ्या, मी देतो त्यांना."

ते घुटमळले. मी सरकारी माणूस, वर तुमचा पुतण्या. दिलं त्यांनी. मी दारातून वाकून म्हणालो, "काका, येतो मी." तुमची पाठ तशीच. मला वाटलं, रुसला आहात. आणि मग मला एक दयाळू कल्पना सुचली. माझ्या दयाळू कल्पनांपासून जगाला कायमच धोका राहिला आहे. तुमचे गुडघे धरतात, सकाळी एवढं चालत कशाला जायचं; मी स्टेशनवर जाता जाता थोडी वाकडी वाट करून बौद्धवाड्यात गेलो आणि कडं धुरपताबाईंच्या हातात दिलं.

"आत्ताच?" त्या म्हणाल्या. "सकाळी यायलाय न्हवं ह्यो?"

"उद्याची फेरी वाचवली त्यांची."

"बरे हायेत ना किसनराव?"

"ठणठणीत," मी म्हणालो.

मी गाडीत बसलो, खिडकीजवळची जागा मिळाली, आणि एक चांगलं काम केल्याच्या समाधानात मला डुलकी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी कुणी तुमची वाट बघितली नाही, कारण गोळा आदल्या संध्याकाळीच पोचला होता. दुपारी तो रहीमचाचांकडं गेला. दिवेलागणीला ते तुमच्या दारात आले, हाक मारली, आत गेले. तुम्ही तसेच भिंतीकडं तोंड करून होतात. पूर्ण्याहून डॉक्टर आणले. स्टेशनवरून मला निरोप आला; मी पोचलो तेव्हा ते हात धूत होते. "सापडले तेव्हाच चोवीस तास झाले असतील. दोन-चार कमी-जास्त."

मी विचारलं, "सकाळपर्यंत होते का?"

"शक्य नाही," ते म्हणाले.

मी बोटं मोजली. कारकून आहे, हिशेब चुकत नाही. दोन तास कमी धरले तर मी गाडीत होतो. दोन तास जास्त धरले तर ओसरीवर बसून मी तुमच्या बोलण्याची वाट बघत होतो. दोन्हीच्या मधे मी ते 'ठणठणीत' म्हणालो होतो.

सारं आटोपल्यावर मी धुरपताबाईंच्या दाराशी गेलो. सांगितलं, की तुम्ही मला पाठवलं नव्हतं. माझ्याच मनानं कडं आणलं, तुमचं तोंडही न बघता. माझ्यामुळं तुम्ही एक रात्र आणि एक दिवस तसेच पडून राहिलात. त्या शेळीला पाला टाकत होत्या. टाकून झाल्यावर म्हणाल्या, "पर त्ये आलते की."

"कोण?"

"किसनराव. सकाळी, प्याशिंजरच्या टायमाला. हात मोकळेच. अंगनात हुबं ऱ्हाऊन मनले, 'आज माझ्या आदी कुनी आनला?' मी मनलं, तुमच्या पुतन्यानं. 'बरं,' मनले. आन् गेले."

"धुरपताबाई, डॉक्टर म्हणतात..."

"डाक्टर हुता का अंगनात?"

मला वाटलं, माझं मन राखायला बोलतायत. पण त्या माणसाचं मन राखणाऱ्यातल्या नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे; एकदा त्यांच्या शेतातली ओंब्यांची मूठ तोडली म्हणून त्यांनी मला गावभर पळवलं होतं. आणि एक गोष्ट अशी, की 'बरं' हा शब्द तुम्ही ज्या तऱ्हेनं म्हणायचात, आधी श्वास सोडून, तस्सा त्यांनी म्हणून दाखवला.

दिवस करायला मी तुमच्या घरात राहिलो. मुंडण झालं; केस आधीच फारसे नव्हते, न्हाव्यानं निम्म्या वेळात काम उरकलं. पहिल्याच संध्याकाळी रहीमचाचा आले. हातात कडं. माझ्याकडं न बघता आत गेले, रिकाम्या बाजेसमोर उभे राहिले, हात पुढं केला. "किसनराव, गोला लेव." थोडा वेळ थांबले. मग कडं भिंतीतल्या खुंटीला अडकवलं आणि गेले. म्हातारं माणूस, धक्का बसलाय, असं मी स्वतःला सांगितलं.

सकाळी खुंटीवर कडं नव्हतं.

धुरपताबाईंना विचारलं, तुम्ही नेलं का? "मी कशाला नेऊ? माझी पाळी दुपारची." मग आणून कुणी दिलं? "ज्याची पाळी त्यानं." एवढं बोलून त्या जात्यावरची गोणी झटकू लागल्या.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपण डोळ्यांनी बघायचं. माझ्या आयुष्यात मी दूधवाल्याच्या आधी कधी उठलेलो नाही. त्या दिवशी झुंजूमुंजू व्हायच्या आत स्टोव्हवर चहा करून खुंटीसमोर पाट टाकून बसलो. कडं समोर. खाकी थैली लोंबत होती. दार मीच आतून लावलेलं. उजाडलं. चिमण्या आल्या. चहा निवला. मग पॅसेंजरची शिट्टी झाली आणि माझी मान आपसूक खिडकीकडं वळली. लहानपणी तुमच्या शेजारी उभं राहून लागलेली सवय. डबे मोजले नाहीत, धूरसुद्धा नीट दिसला नाही, एवढ्यात मान परत फिरवली.

खुंटी मोकळी होती.

दाराची कडी लागलेली होती. ती मीच काढली, आणि अनवाणी, बोडक्या डोक्यानं बौद्धवाड्याकडं पळत सुटलो. विहिरीवरच्या बायांनी मला बघितलं; सुतकातला माणूस असा पळत नाही. धुरपताबाईंच्या दाराच्या चौकटीला कडं टांगलेलं होतं. अजून हलत होतं. वारा नव्हता.

"आत्ताच गेले," त्या म्हणाल्या. "तुला वाटंत दिसले न्हाईत?"

काका, मी भुताखेतांवर विश्वास ठेवत नाही. माझा विश्वास फायलीवर. पण त्यानंतरचे नऊ दिवस मी पहाटे पाटावर बसलो नाही. चादर डोक्यावरून घेऊन पडून राहायचो, आणि शिट्टी झाली की बाहेरच्या फरशीवर काय वाजतं ते ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं खोकायचो. तुमच्या घरात मला तुमची भीती वाटत होती, हे लिहिताना लाज वाटते. त्याहून जास्त लाज याची, की कडं रोज जात होतं. मेल्यावरही तुमची पाळी चुकली नाही. चुकली ती एकदाच, मी मधे हात घातला तेव्हा.

तेराव्याला पंगत उठल्यावर रहीमचाचा आणि धुरपताबाई ओसरीवर टेकले. रहीमचाचा कुणाकडंच न बघता म्हणाले, "थक गए किसनराव. रोज देखताऊं मैं. चलते सो आहिस्ता हो गया."

"मग बंद करा," मी म्हणालो. "तुम्ही दोघंच करा आपसात."

"दोघात फेरा व्हतो व्हय?" धुरपताबाई म्हणाल्या. "ह्यांचे डोळे अधू, अंधारात बौद्धवाड्यापत्तुर ह्यांना येता येत न्हाई, आन् मी दोनदा कशी येऊ? माझा ल्योक बोलवायलाय, ये मनून. ह्यांचा पोरगा हैदराबादला न्यायला बसलाय. फेरा मोडला का आमी दोघं उठलोच हितून. त्ये किसनरावाला ठावं हाय. मनून जात न्हाईत."

मग रहीमचाचा हळूच म्हणाले, "रेलवे का आदमी है साब. रिलीवर नहीं आया तो पाइंटमन जगह छोडताइच नहीं."

मी म्हणालो, मी रोज सकाळी नेऊन देईन काकांच्या वतीनं. धुरपताबाई एवढ्या संतापलेल्या मी कधी बघितल्या नव्हत्या. "परत त्येच? दुसऱ्याच्या नावानं आनून बगितलंस की एकदा! आनायचा आसंल तर सोताच्या नावानं आन. न्हाई तर परभनीला जा, फायली बघ."

त्या रात्री मी गेलो नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेलो तो क्वार्टरमधून बिछाना, चार भांडी आणि बायकोचा फोटो आणायला. स्टेशनवर पास काढला. अजून पाच वर्षं नोकरी आहे. पॅसेंजरनं परभणी, संध्याकाळच्या गाडीनं परत. हेडक्लार्क म्हणाला, "एवढ्या लांबून? कुणासाठी?" मी म्हणालो, तब्येतीसाठी. खोटं नव्हतं ते.

काल दिवेलागणीला रहीमचाचा आले. मी दारात उभा होतो. हात पुढं केला.

"किसके नाम से?"

"माझ्या."

त्यांनी माझ्या चेहऱ्याजवळ तोंड आणून मला नीट बघितलं. मोतीबिंदूनं डोळे पांढरे झालेत. मग आतल्या बाजेकडं वळून अदबीनं मान झुकवली, आणि कडं माझ्या हातात दिलं. गोटा गार होता. मी ते खुंटीला लावलं नाही, उशाशी घेऊन झोपलो. सकाळी तिथंच होतं.

पॅसेंजरच्या आधी अर्धा तास निघालो. रूळ ओलांडले. मागं फरशीवर, मग खडीवर, मग मातीत काहीतरी वाजत येत होतं. माझीच चप्पल, असं मी ठरवलं. मी थांबलो तर तेही थांबलं, म्हणून ते ठरवणं अवघड गेलं नाही. ऑफिसात चार्ज देताना जुना माणूस नव्याला सगळी कपाटं फिरून दाखवतो, ते मला उगाच आठवलं.

धुरपताबाई दारातच होत्या. "कोन?"

"दत्तू."

त्यांनी कडं हातात घेतलं. माझं तोंड बघितलं, नियमाप्रमाणं, पार कपाळापासून हनुवटीपर्यंत. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागं गेली, आणि त्यांनी डोक्यावर पदर घेतला. माझ्यासाठी त्या कधीच घेत नाहीत. त्यांच्या लेखी मी अजून ओंब्या चोरणारा पोरगा.

"झालं किसनराव," त्या म्हणाल्या. "आता निवांत जावा."

काका, मी मागं वळलो नाही. वळलो असतो तर विचारावंच लागलं असतं, की त्या संध्याकाळी मी दारातून 'येतो' म्हणालो तेव्हा तुम्ही माझ्यावर रुसला होतात, की तोवर या जगात नव्हतातच. आणि तुम्हाला खोटं बोलता येत नाही.